कॅनडा : दहा प्रांत, तीन प्रदेश आणि त्यांच्यातला खरा फरक



घटक चाचणीत एक सोपा प्रश्न दिला होता : 'कॅनडाचे प्रशासकीय विभाग किती व कोणते?' बऱ्याच जणांनी लिहिले, 'कॅनडात १३ राज्ये आहेत.' मी अर्धा गुण कापला. पेपर वाटल्यावर लगेच तक्रार आली, "सर, दहा आणि तीन तेराच होतात ना? मग अर्धा गुण कशाचा कापला?"

तक्रार बरोबर की चूक, ते या पाठाच्या शेवटी तुम्हीच ठरवा. कॅनडात १० प्रांत आणि ३ प्रदेश आहेत. नकाशात दोघांनाही सारखेच रंग दिलेले असतात, दोघांनाही राजधानी असते, दोघांकडेही विधानसभा असते. मग फरक कुठे? फरक आहे तो एका प्रश्नाच्या उत्तरात : यांना अधिकार दिला कोणी? हा एक प्रश्न हातात धरून आपण पूर्ण कॅनडा फिरून येऊ.

आधी नकाशा समोर घ्या

कॅनडाचे क्षेत्रफळ सुमारे ९९.८५ लाख चौ. किमी आहे. रशियानंतर जगात दुसरा क्रमांक. म्हणजे आपल्या भारताच्या तिप्पट. आणि लोकसंख्या? २०२१ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३ कोटी ७० लाख. एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ लाच ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे देश भारताच्या तिप्पट आणि माणसे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, असे हे गणित आहे.

आता ६० अंश उत्तर अक्षवृत्त शोधा. त्यावर बोट ठेवून पश्चिमेकडून पूर्वेकडे या. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या चारही प्रांतांची उत्तर सीमा म्हणजे हीच सरळ रेष. तिच्या वर युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नूनावुत हे तीन प्रदेश आहेत.

या तीन प्रदेशांचे एकत्र क्षेत्रफळ ३९ लाख चौ. किमीपेक्षा जास्त भरते. अख्ख्या भारतापेक्षा मोठे! पण २०२१ ला तिथे राहणारी माणसे होती साधारण १ लाख १८ हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढी. उलट ओंटारिओ आणि क्वेबेक या दोनच प्रांतांत देशातली दर १० पैकी ६ माणसे राहतात. जमीन एकीकडे आणि माणसे दुसरीकडे, हे डोक्यात पक्के बसवा. पुढचे बरेचसे यावरच उभे आहे.

प्रांत एकेक करून कसे जमले?

आजचा नकाशा एका दिवसात तयार झालेला नाही. क्रम असा :

१८६७ – ओंटारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक
१८७० – मॅनिटोबा. याच दिवशी नॉर्थवेस्ट टेरिटरीज
१८७१ – ब्रिटिश कोलंबिया
१८७३ – प्रिन्स एडवर्ड आयलंड
१८९८ – युकॉन (प्रदेश)
१९०५ – अल्बर्टा, सस्कॅचेवान
१९४९ – न्यूफाउंडलंड (२००१ पासून नाव : न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर)
१९९९ – नूनावुत (प्रदेश)

पाठ करण्याआधी ही यादी नीट वाचा. हे विभाग तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत.

पहिली वाट : वाटाघाटी करून आलेले. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने कॅनडाचे संघराज्य सुरू झाले. त्या कायद्याचे नाव 'ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायदा'. त्याआधी १८६४ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या परिषदा झाल्या, अटी ठरल्या, मग एकत्र आले. ब्रिटिश कोलंबियाने १८७१ ला येताना अट घातली की, आम्हाला पूर्वेशी जोडणारा रेल्वेमार्ग बांधून द्या. तो मार्ग १८८५ ला पूर्ण झाला. गंमत बघा, पहिली परिषद भरली होती प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शार्लटटाउन गावात, पण ते बेट स्वतः मात्र १८७३ पर्यंत बाहेरच राहिले. रेल्वे बांधून कर्ज डोक्यावर झाले, तेव्हा ते आत आले. गोव्याच्या दीडपट आकाराचे हे बेट आजही पूर्ण दर्जाचा प्रांत आहे. सगळ्यात शेवटी आला न्यूफाउंडलंड. तिथे १९४८ मध्ये दोनदा सार्वमत घेतले आणि दुसऱ्या वेळी ५२ टक्क्यांच्या थोडे वर लोक कॅनडाच्या बाजूने पडले. इतक्या थोडक्या फरकाने एक प्रांत देशाला मिळाला.

दुसरी वाट : विकत घेतलेल्या जमिनीतून कापलेले. हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचे सगळे खोरे १६७० पासून इंग्लंडच्या राजाच्या सनदेने हडसन्स बे कंपनीकडे होते. व्यापार कातड्यांचा. ही जमीन कंपनीने ३ लाख पौंडांना सोडली आणि १८७० मध्ये ती कॅनडाकडे आली. पण त्या जमिनीवर माणसे राहत होती! मूळ निवासी जमाती होत्या, आणि रेड नदीच्या काठी मेटी लोक होते. मेटी म्हणजे मूळ निवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज. त्यांना कुणी विचारलेच नाही. १८६९ मध्ये सरकारी मोजणीदार साखळ्या घेऊन शेतात उतरले, तेव्हा मेटींनी त्यांना अडवले. लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःचे हंगामी सरकार स्थापन केले आणि ओटावाशी बोलणी केली. त्या बोलण्यांतून मॅनिटोबा हा प्रांत जन्मला. सुरुवातीला तो इतका लहान आणि चौकोनी होता की, लोक त्याला 'पोस्टाच्या तिकिटाएवढा प्रांत' म्हणत. त्याच रिएल यांना पुढे १८८५ च्या उठावानंतर राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी दिली गेली.

अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हेही याच जमिनीतून १९०५ ला कापून काढले. यांच्या बाबतीत केंद्राने एक मेख मारून ठेवली : प्रांताचा दर्जा दिला, पण जमीन आणि खनिजे मात्र स्वतःकडेच ठेवली. मॅनिटोबाचेही तसेच. पूर्वेकडच्या जुन्या प्रांतांना जो हक्क पहिल्या दिवसापासून होता, तो या तिघांना १९३० मध्ये मिळाला. १९४७ ला अल्बर्टात लेड्यूक इथे तेलाचा मोठा साठा सापडला. त्या वेळी जमिनीखालच्या खनिजांचा हक्क प्रांताकडे आलेला होता, म्हणून त्या तेलाचे स्वामित्वधन प्रांताच्या तिजोरीत गेले. सतरा वर्षे आधी करार झाला नसता तर? विचार करा.

तिसरी वाट : जे उरले ते. कापून कापून जे उत्तरेला शिल्लक राहिले, ते झाले प्रदेश. १८९८ मध्ये क्लोंडाइकला सोने सापडल्याने तिथे माणसांची झुंबड उडाली, म्हणून युकॉन वेगळा केला. १९१२ मध्ये मॅनिटोबा, ओंटारिओ आणि क्वेबेक यांच्या सीमा उत्तरेकडे ताणून दिल्या. प्रत्येक वेळी कात्री चालली ती नॉर्थवेस्ट टेरिटरीजवर.

प्रांताच्या हातात नेमके काय असते?

आपल्याकडे जशी संघसूची आणि राज्यसूची आहे, तशीच विभागणी कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात आहे. कलम ९१ मध्ये केंद्राचे विषय, कलम ९२ मध्ये प्रांतांचे.

केंद्राकडे : संरक्षण, चलन, बँका, टपाल, फौजदारी कायदा, आंतरप्रांतीय व परदेशी व्यापार, मूळ निवासी आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी.

प्रांतांकडे : रुग्णालये, मालमत्ता व नागरी हक्क, नगरपालिका, स्थानिक कामे, न्यायदानाची व्यवस्था. शिक्षण कलम ९३ ने प्रांतांकडेच आहे.

दोघांकडे : शेती आणि स्थलांतरितांचा प्रवेश (कलम ९५). संघर्ष झाला तर केंद्राचा कायदा वरचढ.

आता जे कुठल्याच यादीत नाही ते कुणाचे? म्हणजे शेषाधिकार. ते केंद्राचे. यामागे कारण आहे. हा आराखडा ठरत होता तेव्हा शेजारच्या अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. राज्यांना फार बळ दिले की देश फुटतो, असा धडा कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांनी त्यातून घेतला. त्यांना केंद्र मजबूत हवे होते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी इथे थांबावे. 'मजबूत केंद्र असलेले संघराज्य' आणि 'शेषाधिकार केंद्राकडे' या गोष्टी आपल्या राज्यघटनेने कॅनडाकडून घेतल्या, हे तुम्ही पाठ केलेले असते. ते इथून आलेले आहे. आपल्या मसुदा समितीने भारताला 'संघ' म्हणताना १८६७ च्या याच कायद्याच्या प्रास्ताविकातल्या शब्दाचा आधार घेतला होता.

पण कागदावर केंद्र मजबूत असले तरी प्रत्यक्षात कॅनडाचे प्रांत चांगलेच बळकट झाले. 'मालमत्ता व नागरी हक्क' या तीन शब्दांचा न्यायालयांनी फार व्यापक अर्थ लावला. शिवाय रुग्णालये आणि शाळा हे विषय १८६७ मध्ये किरकोळ वाटत होते. आज सरकारचा सर्वांत मोठा खर्च त्यांच्यावरच होतो. म्हणजे किरकोळ समजून दिलेले खातेच पुढे सर्वांत वजनदार ठरले!

याचा फायदाही झाला. एखादा प्रांत आपल्यापुरता नवा प्रयोग करू शकतो. सस्कॅचेवानमध्ये टॉमी डग्लस यांनी पुढे रेटलेली सार्वजनिक वैद्यकीय विमा योजना १ जुलै १९६२ पासून लागू झाली. डॉक्टरांनी संप केला, मोठा वाद झाला, पण योजना टिकली. १९६६ मध्ये केंद्राने कायदा करून खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली आणि काही वर्षांत ती सगळ्या प्रांतांत पोहोचली. आज कॅनडाची जी आरोग्यसेवा जगभर ओळखली जाते, तिची सुरुवात गव्हाच्या शेतांच्या एका प्रांतात झाली.

भाषेचेही तसेच. क्वेबेकची अधिकृत भाषा फक्त फ्रेंच आहे आणि तिथला दिवाणी कायदाही फ्रेंच परंपरेतला. न्यू ब्रन्सविक हा घटनेनेच द्विभाषिक असलेला एकमेव प्रांत. क्वेबेकने तर वेगळे व्हायचे का, यावर १९८० आणि १९९५ असे दोनदा सार्वमत घेतले. १९९५ ला 'नाही' म्हणणारे ५०.५८ टक्के आणि 'हो' म्हणणारे ४९.४२ टक्के होते. इतका जवळचा निकाल लागूनही गोळीबार नाही, सैन्य नाही. मते मोजली, निकाल मान्य केला.

मग प्रदेश म्हणजे काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. अधिकार दिला कोणी?

प्रांताला अधिकार घटनेने दिलेला आहे. केंद्राची संसद तो काढून घेऊ शकत नाही. प्रदेशाला अधिकार संसदेच्या साध्या कायद्याने मिळतो. संसदेने दिला, संसद बदलू शकते. घरात स्वतःच्या नावावर असलेली खोली आणि वडीलधाऱ्यांनी वापरायला दिलेली खोली यांत जो फरक, तोच इथे.

हा फरक पदांच्या नावांतही दिसतो. प्रांतात राजाचा प्रतिनिधी म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर असतो, तर प्रदेशात केंद्र सरकारने नेमलेला कमिशनर. दोन्हीकडे सरकार चालवणाऱ्या प्रमुखाला मात्र प्रीमियर म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री.

आपल्या केंद्रशासित प्रदेशांशी तुलना केली तर अर्धी जुळते. आपल्याकडे ८ पैकी फक्त दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर यांनाच विधानसभा आहे. कॅनडाच्या तिन्ही प्रदेशांत निवडून आलेली विधानसभा आहे, आणि शाळा-दवाखाने तेच चालवतात. आणखी एक फरक : दिल्लीसारखा राजधानीचा वेगळा प्रदेश कॅनडात नाही. ओटावा हे शहर ओंटारिओ प्रांतातच आहे. नदी ओलांडली की लगेच क्वेबेक लागतो.

पण ही विधानसभा सहज मिळालेली नाही बरं का. नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा कारभार १९६७ पर्यंत ओटावातून चालत असे. यलोनाइफ राजधानी झाली ती त्या वर्षी. तिथल्या कौन्सिलचे सगळे सदस्य लोकांनी निवडलेले असावेत, हे व्हायला १९७५ उजाडले.

दुरून कारभार चालला की काय होते, त्याचे एक उदाहरण सांगतो. १९५३ मध्ये केंद्र सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या काही इन्युइट कुटुंबांना जवळजवळ दोन हजार किमी उत्तरेला, आर्क्टिकमधल्या बेटांवर नेऊन वसवले. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही. शिकार वेगळी, बर्फ वेगळा. परत यायचे असेल तर आणू, असे सांगितले होते, ते पाळले गेले नाही. या प्रकाराबद्दल केंद्र सरकारने अधिकृत माफी मागितली, ती २०१० मध्ये. सत्तावन्न वर्षांनी!

नूनावुत : या वेळी विचारून काढलेली रेष

नूनावुत या इनुक्टिटुट शब्दाचा अर्थ 'आमची भूमी'. १९७० च्या दशकापासून इन्युइट लोकांची मागणी होती की आमच्या जमिनीवरचा हक्क मान्य करा आणि आम्हाला वेगळा प्रदेश द्या. पायऱ्या अशा होत गेल्या :

१९८२ – नॉर्थवेस्ट टेरिटरीजचे दोन भाग करावेत का, यावर मतदान; बहुमत 'हो'.
१९९२ – सीमा कुठून काढायची, यावर मतदान, पुन्हा 'हो'.
१९९३ – जमीन हक्काच्या करारावर सही, आणि संसदेत नूनावुतचा कायदा मंजूर.
१ एप्रिल १९९९ – नवा प्रदेश अस्तित्वात.

करारानुसार सुमारे ३.५ लाख चौ. किमी जमिनीची मालकी इन्युइटांकडे आली. महाराष्ट्राहून मोठी. नूनावुतचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ २१ लाख चौ. किमी, महाराष्ट्राच्या सातपटीच्या आसपास; आणि २०२१ ची लोकसंख्या ३६,८५८. वस्त्या फक्त २५. राजधानी इकॅलुइट. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ता नाही. विमानाने जा, नाहीतर उन्हाळ्यात जहाजाने. वर्षभराचा किराणा, सिमेंट, गाड्या हे सगळे बर्फ वितळले की जहाजाने येते.

इथल्या विधानसभेत राजकीय पक्षच नाहीत. उमेदवार स्वतंत्र उभे राहतात, निवडून आलेले सदस्य आपसांतून प्रीमियर आणि मंत्री निवडतात. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येही हीच पद्धत आहे. युकॉनमध्ये मात्र पक्ष आहेत. नॉर्थवेस्ट टेरिटरीजला तर ११ अधिकृत भाषा आहेत, त्यांतल्या ९ मूळ निवासींच्या.

याआधी १८७०, १८९८, १९०५, १९१२ अशा ज्या रेषा उत्तरेत ओढल्या, त्या दूर बसलेल्यांनी ओढल्या. १९९९ ची रेष तिथे राहणाऱ्यांना विचारून ओढली. माझ्या मते कॅनडाच्या नकाशातला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो क्षेत्रफळामुळे नव्हे.

प्रदेशांचे प्रांत का करत नाहीत?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच. कारणे दोन.

पहिले पैशाचे. एवढ्या अफाट जागेत विखुरलेल्या थोड्या लोकांना शाळा, दवाखाना, वीज पुरवायची, तर कर गोळा करून भागत नाही. प्रदेशांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. गरीब प्रांतांनाही केंद्र समतोल राखण्यासाठी निधी देते, आणि १९८२ पासून हे तत्त्व घटनेत लिहिलेले आहे.

दुसरे कारण घटनेचे. १९८२ पासून नवा प्रांत करायचा असेल तर संसदेबरोबर किमान ७ प्रांतांची संमती लागते, आणि त्या सातांत मिळून देशातल्या प्रांतांची निम्मी तरी लोकसंख्या असावी लागते. एवढ्यांना राजी करणे सोपे नाही.

म्हणून मधली वाट निघाली : दर्जा प्रदेशाचाच ठेवायचा, पण जमीन आणि खनिजे यांचा कारभार हळूहळू सोपवायचा. युकॉनला तो २००३ मध्ये मिळाला, नॉर्थवेस्ट टेरिटरीजला २०१४ मध्ये. नूनावुतशी असा करार १८ जानेवारी २०२४ रोजी झाला. अल्बर्टाला जे १९३० मध्ये मिळाले, ते नूनावुतच्या हाती येण्याचा करार व्हायला २०२४ उजाडावे लागले.

आता भारताशी ताडून बघा. आपल्या घटनेच्या कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य करू शकते, सीमा बदलू शकते. राज्याच्या विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या कायद्याने. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विरोध केला, तरी तेलंगणा झाले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. कॅनडात हे शक्य नाही. प्रांताची सीमा त्या प्रांताच्या संमतीशिवाय हलत नाही. म्हणजे शेषाधिकार दोघांकडेही केंद्राचे, पण नकाशावरची रेष आपल्याकडे लवचीक आणि तिकडे ताठ. ताठ असण्याने प्रांत सुरक्षित राहतो. लवचीक असण्याने नव्या मागणीला वाट मिळते. यातले कुठले चांगले, यावर वर्गात वाद घाला, हरकत नाही.

रेष आणि एक मूल

शेवटी एक गोष्ट सांगतो. ही परीक्षेत येणार नाही, तरी वाचा.

मॅनिटोबात नॉर्वे हाउस या क्री जमातीच्या वस्तीतल्या कुटुंबात १९९९ मध्ये एक मूल जन्मले. नाव जॉर्डन. जन्मतःच अवघड आजार, त्यामुळे विनिपेगच्या रुग्णालयात ठेवले. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याला घरी ठेवून सांभाळता येईल. फक्त घरी लागणाऱ्या सेवांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा.

इथे आपली दोन कलमे समोरासमोर आली. आरोग्य हा विषय प्रांताचा. मूळ निवासी हा विषय केंद्राचा. प्रांत म्हणाला, खर्च केंद्राचा. केंद्र म्हणाले, प्रांताचा. वाद दोन वर्षांहून जास्त चालला. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन रुग्णालयातच गेला. एक दिवसही तो घरात राहिला नाही.

डिसेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एकमताने ठराव केला. त्याला 'जॉर्डनचे तत्त्व' म्हणतात. अर्थ साधा आहे : मूल ज्या सरकारच्या दारात आधी आले, त्याने आधी खर्च करायचा, खर्च कुणाचा, हे भांडण नंतर मिटवायचे. हे तत्त्व खरोखर अमलात यावे म्हणून पुढे मानवी हक्क न्यायाधिकरणालाही आदेश द्यावे लागले.

म्हणून सांगतो, 'केंद्राचे विषय, राज्याचे विषय' ही यादी नुसती घोकू नका. त्या यादीतल्या दोन ओळींच्या मधल्या फटीत एखादे मूल अडकू शकते. संघराज्य चांगले की वाईट, हे त्या फटीत अडकलेल्याला बाहेर कोण काढते, यावरून ठरते.

आता परत त्या अर्ध्या गुणाकडे. 'तेरा राज्ये' असे लिहिले की घटनेतून आलेला अधिकार आणि कायद्याने दिलेला अधिकार यांतला फरक पुसला जातो. रिएल यांचा लढा, अल्बर्टाची १९३० पर्यंतची वाट, नूनावुतची अनेक वर्षांची मागणी, सगळेच पुसले जाते. गुण कापला तो याचा. अजूनही पटत नसेल तर उद्या मधल्या सुट्टीत या, बोलू.

लक्षात ठेवा

१. कॅनडात १० प्रांत व ३ प्रदेश आहेत. प्रांतांचे अधिकार घटनेतून, प्रदेशांचे संसदेच्या कायद्यातून येतात.
२. कलम ९१ केंद्राचे, कलम ९२ प्रांतांचे, शेषाधिकार केंद्राकडे.
३. अल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा यांना जमीन व खनिजांचा हक्क १९३० मध्ये मिळाला.
४. नूनावुतची स्थापना १ एप्रिल १९९९.
५. नवा प्रांत करण्यासाठी ७ प्रांत व निम्म्या लोकसंख्येची अट; भारतात कलम ३ नुसार संसदेचे साधे बहुमत पुरते.

स्वाध्याय

१. फरक स्पष्ट करा : प्रांत आणि प्रदेश. (उदाहरणे द्या.)
२. कारणे लिहा : कॅनडाच्या संघराज्यात शेषाधिकार केंद्राकडे ठेवण्यात आले.
३. नकाशात ६० अंश उत्तर अक्षवृत्त दाखवा व त्याच्या दक्षिणेला लागून असलेले चार प्रांत रंगवा.
४. करून पाहा : तुमच्या गावातली शाळा, रेल्वे स्टेशन, पोस्ट ऑफिस, पोलीस ठाणे आणि सरकारी दवाखाना यांतले कोणते केंद्राचे, कोणते राज्याचे आणि कोणते स्थानिक संस्थेचे, याची यादी करा. एखादे काम 'आमच्याकडे येत नाही, तिकडे जा' असे सांगून अडल्याचे घरी कुणाला आठवते का, तेही विचारा आणि लिहून आणा.
५. तुमचे मत लिहा : राज्याच्या सीमा बदलताना त्या राज्याची संमती बंधनकारक असावी का?